टगची ताकद कशी वाचायची: जहाजावर निघालेल्या कोल्हापूरच्या पोरांसाठी

सुट्टीत घरी आलो की संध्याकाळी रंकाळ्यावर कुणी ना कुणी गाठतंच. जहाजावर जायला निघालेलं एखादं पोर असतं, सोबत वडील असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, तुमच्या टगला घोडे किती?" टग म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी छोटी, ताकदवान बोट. मी सांगतो, पाच हजार हॉर्सपॉवर. वडिलांचा चेहरा खुलतो. पोराच्या डोक्यात त्याच क्षणी एक चित्र पक्कं होतं: टग म्हणजे पाण्यातला राक्षस, बांधला की जहाज हवं तिकडं नेतो.

ते चित्र जहाजावर पाऊल ठेवायच्या आधीच काढून टाकायला हवं. मी बावीस वर्षं बंदरातल्या टगवर आहे, आधी खलाशी म्हणून, आता मास्टर, म्हणजे टगचा कप्तान, म्हणून. टगवरच्या माणसांचा जीव बऱ्याचदा वरच्या मोठ्या जहाजावरच्या नवख्या पोराच्या हातात असतो. त्याला टगला काय जमतं आणि काय जमत नाही हे माहीत असलं तर आम्ही संध्याकाळी घरी फोन करू शकतो. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय. समुद्र आपल्यापासून घाट उतरून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे, पण यातला बराचसा भाग घरबसल्या समजून घेता येतो.

पहिली पायरी: घोडे सोडा, टन विचारा

टगची ताकद घोड्यांत मोजून उपयोग नाही. बंदरात विचारतात ते बोलार्ड पुल. टगचा रस्सा किनाऱ्यावरच्या मजबूत बोलार्डला, म्हणजे रस्से बांधायच्या लोखंडी खुंटाला, बांधायचा, मध्ये वजन मोजणारं यंत्र लावायचं आणि टगनं पूर्ण जोरात ओढायचं. यंत्रावर जेवढे टन दिसतात, तेवढा बोलार्ड पुल. पाच हजार घोड्यांच्या आजच्या टगला तो साधारण साठ-पासष्ट टन येतो.

आता ही चाचणी कशी झाली ते नीट बघा. टग जागेवर उभा, पाणी खोल, वारा-लाट जवळपास नाही, रस्सा लांब आणि आडवा. म्हणजे सगळं टगच्या बाजूचं. तालमीत एकट्यानं मारलेले जोर आणि खासबागेच्या मातीत समोरच्याशी भिडल्यावर उरलेली ताकद, यात जेवढं अंतर असतं तेवढंच इथं आहे. प्रत्यक्ष कामात त्या साठ टनांतून वजाबाकी सुरू होते.

पहिली वजाबाकी रस्श्याच्या कोनाची. जहाज उंच आणि टग बुटका, त्यामुळं रस्सा आखूड ठेवला की तो तिरका वर जातो. पंचेचाळीस अंशांत गेला तर साठ टनांतले बेचाळीसच आडवे कामाला येतात, बाकीचा जोर जहाजाला खाली आणि टगला वर ओढण्यात वाया जातो. साठ अंशांत गेला तर निम्मे, तीस टन.

दुसरी वजाबाकी बहुतेकांना माहीतच नसते. टग ओढतो तेव्हा त्याच्या प्रोपेलरचं पाणी मागं, म्हणजे जहाजाच्याच अंगावर, आदळतं. रस्सा आखूड असेल तर ते पाणी जहाजाला ढकलतं आणि टग ओढतो. एका हातानं दार ओढायचं आणि दुसऱ्या हातानं तेच लोटायचं, तसं होतं. टग मास्टरनं "जरा रस्सा सोडतो" म्हटलं तर तो आळस करतोय असं समजू नका. रस्सा लांबला की कोनही सुधारतो आणि हे पाणीही जहाजाला कमी लागतं. अरुंद जागेत मात्र रस्सा लांबवायला वावच नसतो, तेव्हा कमी ताकदीवरच काम भागवावं लागतं.

दुसरी पायरी: टगची जात ओळखा

जुन्या पद्धतीच्या टगला प्रोपेलर मागं आणि रस्श्याचा हुक साधारण मधल्या भागात असतो. पुढं चालताना हा चांगला, पण बाजूला सरकणं याला जमत नाही आणि रस्सा आडवा आला की हाच उलटतो. त्याबद्दल पुढं सविस्तर सांगतो.

आज बंदरांत सगळ्यात जास्त दिसतो तो एएसडी, म्हणजे अझिमथ स्टर्न ड्राइव्ह. याच्या मागच्या बाजूला दोन प्रोपेलर असतात आणि ते पूर्ण गोल, तीनशे साठ अंशांत वळतात. सुकाणूचं वेगळं पातं लागतच नाही, जोरच वळवायचा. रस्सा पुढच्या विंचवरून, म्हणजे रस्सा गुंडाळणाऱ्या यंत्रावरून, जातो.

तिसरा ट्रॅक्टर टग. याचं ढकलणारं यंत्र पुढच्या भागात पोटाखाली असतं आणि रस्सा मागच्या टोकावरून जातो, म्हणून रस्सा ताणला गेला तरी टग आपोआप सरळ होतो. उलटायचा धोका इथं खूप कमी. यातल्या काहींना व्हॉइथचं यंत्र असतं: फिरणाऱ्या चकतीला खाली उभी पाती लावलेली आणि प्रत्येक पात्याचा कोन फिरता फिरता बदलतो. ऑस्ट्रियाचे इंजिनिअर एर्न्स्ट श्नायडर यांनी १९२०च्या दशकात ही कल्पना काढली. उद्यमनगरात लेथवर हात बसलेल्या पोराला ती चित्रावरून चटकन कळते, बाकीच्यांना दोनदा बघावी लागते.

जहाजावर गेल्यावर कानावर येईल, "दोन टग आहेत, साठ-साठ टनांचे." लगेच पुढचा प्रश्न विचारा, कुठल्या जातीचे? साठ टनांचा जुना टग आणि साठ टनांचा एएसडी यांना एकच काम सांगता येत नाही.

तिसरी पायरी: परातीतला प्रयोग

मोठ्या परातीत किंवा टबात पाणी घ्या. त्यात लांबट प्लास्टिकचा डबा तरंगत ठेवा, आत थोडे गहू टाका म्हणजे तो बसेल. आता बोटानं बाजूनं, अगदी मधोमध हळूच दाबा. डबा सगळाच्या सगळा बाजूला सरकतो. टोकाला दाबा, डबा फिरतो. एवढं कुणालाही कळतं.

आता डब्याला दोरा बांधून तो पुढं ओढत राहा आणि चालत्या डब्याला पुढच्या टोकाजवळ दाबा. तो फारसा वळत नाही. मागच्या टोकाला दाबा, लगेच वळतो. जहाजाचंही हेच आहे. पुढं चालणारं जहाज ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू पुढं सरकतो, पुढच्या टोकापासून साधारण लांबीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर. पुढचा टग त्या बिंदूच्या जवळ असतो, त्याला तरफ मिळत नाही. मागच्या टगला लांब तरफ मिळते. जहाज उलटं, मागं चालू लागलं की बिंदू मागं जातो आणि सगळा हिशेब उलटतो. म्हणून पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा माणूस, मधेच "पुढचा टग थांब, मागचा अर्धा जोर" असं का म्हणतो हे ज्यानं परातीत बघितलंय त्याला लगेच उमगतं.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर एखाद्या रविवारी आंबा घाट उतरून जयगडच्या बाजूला जा. तिथं कोळशाची मोठी जहाजं येतात. लांबून का होईना, टग कुठं लागतात, जहाज किती हळू चाललंय, कुठला टग ढकलतोय आणि कुठला ओढतोय, एवढं वहीत टिपा.

चौथी पायरी: वेग

माझ्या मते सगळा विषय इथं आहे. बाकी विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

एक हिशेब करू. जहाज एक लाख टनांचं, चाल दोन नॉट, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर, माणूस रमतगमत चालतो त्याहून हळू. मागं बांधलेला टग पूर्ण साठ टनांनी ओढतोय, दुसरी कुठलीही मदत नाही. जहाज थांबायला जवळजवळ तीन मिनिटं आणि नव्वद मीटर लागतात. आता चाल चार नॉट धरा. सहा मिनिटं आणि साडेतीनशे मीटरच्या वर! वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. धक्क्यापासून दोनशे मीटरवर चार नॉट असतील तर कुठलाही मास्टर, कितीही हुशार असो, त्या एका टगनं ते जहाज थांबवू शकत नाही.

दुसरी गोष्ट, वेग वाढला की टगची ताकद जहाजासोबत राहण्यातच खर्च होते. कडेला लागून ढकलणारा टग पाच-सहा नॉटच्या वर गेला की पाण्याचा मारा त्याला मागं रेटतो, तो जहाजाला काटकोनात उभाच राहू शकत नाही. एएसडी टग जहाजाच्या पुढच्या टोकाला तोंड करून उलटा चालतो, त्याचीही हीच मर्यादा. वेगात काम करायला खास बांधलेले एस्कॉर्ट टग वेगळे. ते आठ-दहा नॉटला मागच्या बाजूला आपलं अंगच पाण्याला आडवं लावतात आणि त्या पाण्याच्या दाबातून बोलार्ड पुलापेक्षाही जास्त जोर काढतात. पण तसा टग, तसा रस्सा आणि तसा सराव असलेली माणसं असतील तरच. साध्या बंदरी टगकडून ही अपेक्षा धरू नका.

आता सगळ्यात धोक्याची जागा: चालत्या जहाजाच्या पुढच्या टोकाखाली रस्सा घेणं. जहाजाच्या नाकापुढं पाण्याचा दाब वाढलेला असतो आणि खांद्याच्या बाजूला पाणी वेगानं मागं पळत असतं. टग त्यात शिरला की एका क्षणी बाहेर ढकलला जातो आणि दुसऱ्या क्षणी आत खेचला जातो. वरून तुम्हाला फक्त एक छोटी बोट जरा डुलताना दिसते. खाली मास्टरचे दोन्ही हात लिव्हरवर असतात आणि नजर त्या लोखंडी भिंतीवर. जहाजाच्या पाण्याखालच्या फुगीर नाकाचा अंदाज त्याला दिसून येत नाही, तो फक्त लक्षात ठेवावा लागतो. २०१० साली ११ नोव्हेंबरला हॉलंडमधल्या हुक व्हान हॉलंडजवळ फेअरप्ले २२ हा टग एका फेरीबोटीला पुढं रस्सा लावताना उलटला. दोन माणसं गेली.

उलटणं कसं होतं ते सांगतो. रस्सीखेचीत तुम्ही दोराच्या रेषेत पाय रोवून उभे असता तोवर कुणी हलवू शकत नाही. तोच दोर कमरेला गुंडाळून कुणी बाजूनं ओढला तर? पायाखालची जमीन जाते. जुन्या टगचा हुक मध्यभागी असतो. जहाज टगपेक्षा वेगानं पुढं निघालं किंवा अचानक वळलं की रस्सा टगच्या कमरेत आडवा येतो. टग कलतो, डेकची कड पाण्याखाली जाते, उघड्या दारातून पाणी आत शिरतं. हे सगळं काही सेकंदांत होतं, ओरडून सांगायलाही सवड मिळत नाही. १९ डिसेंबर २००७ ला स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत दाट धुक्यात फ्लाइंग फँटम नावाचा टग असाच गेला. चारपैकी तीन माणसं वाचली नाहीत.

म्हणून रस्सा बांधलेला असताना आम्ही दारं-झाकणं घट्ट लावतो, लाइफ जॅकेट अंगावर ठेवतो आणि रस्सा तातडीनं सोडायचं बटण कुठं आहे हे नव्या पोराला डोळे मिटून दाखवायला लावतो. आणि म्हणूनच तुमच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, इंजिन हलवण्याआधी, वळण्याआधी टगला सांगितलंच पाहिजे. "फक्त डेड स्लो (इंजिनाची सगळ्यात हळू चाल) तर दिलं" हे ऐकून अंगावर काटा येतो. मागं रस्सा घेऊन उभ्या असलेल्या टगच्या तोंडावर तुमच्या प्रोपेलरचं सगळं पाणी येत असतं.

पाचवी पायरी: वारा, लाट आणि गाळ

तीनशे मीटर लांबीचं भरलेलं कंटेनर जहाज घ्या. त्याची वाऱ्याला लागणारी बाजू नऊ हजार चौरस मीटर धरा. पायलट लोकांचा एक कामचलाऊ हिशेब आहे: वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करा, क्षेत्रफळानं गुणा, अठरा हजारांनी भागा, उत्तर टनांत. वीस नॉटचा वारा म्हणजे साधारण दहा मीटर, उत्तर येतं पन्नास टन. तीस नॉट म्हणजे पंधरा मीटर, उत्तर एकशे बारा टन. वारा दीडपट झाला आणि जोर सव्वादोनपट. साठ-साठचे दोन टग कागदावर एकशे वीस होतात, पण वरच्या वजाबाक्या आठवा. तीस नॉटला ते दोन टग जहाज धरूनसुद्धा ठेवू शकणार नाहीत, मग धक्क्यावरून ओढून काढणं तर दूरच. मधेच येणाऱ्या वाऱ्याच्या झोताचा जोर वेगळाच. अशा वेळी थांबणं हेच शहाणपण, आणि पायलट थांबला तर मनातही कुरकुर करू नका.

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर आणखी एक पेच असतो. बाहेर लाट मोठी, त्यामुळं बंदराच्या तोंडातून आत शिरताना जहाजाला सुकाणू लागू पडण्यापुरता वेग हवा. आणि टगला रस्सा घ्यायला तर वेग कमी हवा. शिवाय लाटेत टग खालीवर होत असतो, रस्सा एका क्षणी सैल आणि दुसऱ्या क्षणी ताठ. आपल्याकडं हंगामात चढाला अडकलेली उसाची ट्रॉली दुसरा ट्रॅक्टर लावून काढतात ते बघितलंय ना? साखळी सैल ठेवून हिसका दिला की हुक तुटतो, अनुभवी ड्रायव्हर आधी साखळी ताणून घेतो. लाटेत आम्हाला तशी ताणून ठेवता येत नाही, हिसका समुद्रच देतो. म्हणून बऱ्याच वेळा टग लाट अडवणाऱ्या भिंतीच्या आतच बांधला जातो आणि तिथवर जहाज एकट्याच्या जोरावर येतं.

रुतलेल्या जहाजाबद्दल थोडक्यात. २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे चारशे मीटरचं जहाज आडवं रुतलं आणि २९ मार्चला निघालं. दहापेक्षा जास्त टग लागले होते, तरी नुसत्या टगांनी ते निघालं नाही. ड्रेजरनं साधारण तीस हजार घनमीटर वाळू-गाळ उपसला, मोठी भरती आली, मग टगांचा जोर कामी आला. खोल पाण्यातल्या जहाजाला हलवणं आणि मातीत बसलेल्याला हलवणं यांची तुलनाच होत नाही. तळाखाली पाणी कमी असेल, तर न रुतलेलं जहाजसुद्धा बाजूला सरकवायला खूप जास्त जोर लागतो.

सहावी पायरी: डेकवर तुमचं काम

नवखा म्हणून तुम्हाला फॉरवर्ड किंवा आफ्ट स्टेशनवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला, उभं करतील. टग यायच्या आधी हिव्हिंग लाइन, म्हणजे टगकडं फेकायची बारीक दोरी, मोकळी करून ठेवा. तिच्या गाठीत नट, लोखंड, शिसं घालू नका. वरून पंधरा मीटरवरून आलेला तो गोळा आमच्या पोराचं डोकं फोडतो. टाकण्याआधी ओरडा आणि माणसाच्या अंगावर नव्हे, डेकवर पडेल अशी टाका.

ज्या बिटवर, म्हणजे डेकवरच्या लोखंडी खुंटावर, टगचा रस्सा टाकायचा त्यावर वेल्डिंगनं एसडब्ल्यूएलचा, म्हणजे ते किती भार सुरक्षित झेलतं त्याचा, आकडा लिहिलेला असतो. तो वाचा आणि ब्रिजला सांगा. बिट पन्नास टनांचं आणि टग पासष्टचा असेल तर टगला तेवढा जोर लावता येत नाही, हे टगच्या मास्टरला आधी कळायला हवं. रस्श्याचा डोळा, म्हणजे टोकाचा फास, बिटवरच टाकायचा, विंचच्या ड्रमवर धरून ठेवायचा नाही. ढकलण्याच्या जागेचंही तेच: जहाजाच्या अंगावर 'टग' असं लिहून खूण केलेली असते, तिथं आतून मजबुती असते. खुणा सोडून ढकललं तर पत्रा आत जातो.

डोळा बसला की हात वर करून खूण करा आणि तिथून निघा. रस्श्याच्या रेषेत, वेढ्यात किंवा वळणाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही. आजचे डायनिमा या कृत्रिम धाग्याचे रस्से हलके आहेत, पाण्यावर तरंगतात, कमी ताणले जातात, म्हणून काही जण म्हणतात की ते तुटले तरी उसळत नाहीत. मी तुटलेला बघितला आहे. उसळतो.

आमच्या सारंगांकडून दोन जुने शब्द उचला: आरिया म्हणजे सोड, हबेस म्हणजे ओढ. वाऱ्यात, इंजिनाच्या आवाजात हे दोन शब्द अजूनही सगळ्यात लांब ऐकू जातात.

ब्रिजवर असाल तर टगला दिलेला प्रत्येक हुकूम टगच्या नावानं सुरू होतो आणि टग तोच हुकूम परत म्हणून दाखवतो. परत ऐकू आला नाही तर तो पोचला नाही असं धरा. आणि लक्षात ठेवा, ढकलणारा टग लगेच ओढू लागत नाही. त्याला मागं सरायला, रस्सा ताणायला वेळ लागतो, तेवढं आधी सांगावं लागतं.

सातवी पायरी: टग सोडणं

टग कधी सोडायचा हा निर्णय तुमचा नसतो, पण त्याचं वजन कळायला हवं. २६ मार्च २०२४ ला अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये डाली या जहाजाला दोन टगांनी धक्क्यावरून काढलं, वाटेला लावलं आणि ते निघून गेले. नेहमीची पद्धत तीच होती. पुढं जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळलं. पूल पडला, सहा कामगार गेले. सुटलेला टग कितीही ताकदीचा असो, परत येऊन रस्सा घेईपर्यंत त्याची ताकद शून्य.

सोडण्याची रीत मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि ती मला एका दुपारी महाग पडली. जहाज बाहेर चाललं होतं, आम्ही मागं. वरून हुकूम आला, टग सोडा. मागच्या पोरांनी रस्सा मेसेंजरवर, म्हणजे त्याला जोडलेल्या बारीक दोरीवर, धरून हळूहळू खाली द्यायच्या ऐवजी डोळा काढला आणि तसाच भिरकावला. चाळीस मीटर रस्सा एकदम पाण्यावर पसरला. आमची विंच तो गोळा करेपर्यंत जहाजानं इंजिन पुढं दिलं, पाणी उसळलं आणि रस्सा आमच्या पोटाखाली गेला. आधी घरघर ऐकू आली, मग डावं इंजिन थरथरून बंद पडलं. एका प्रोपेलरवर टग गोल फिरायला लागला, दगडी भिंत समोर दिसत होती. दुसऱ्या टगनं येऊन धरलं म्हणून निभावलं. पाणबुड्यानं चार तास सुरीनं तंतू तंतू कापून काढला. वरच्या पोरांना यातलं काहीच कळलं नसेल, ते तोवर जेवायला बसले असतील.

तेव्हा डोळा बिटवरून काढला की मेसेंजर हातात ठेवा, आरिया करत खाली द्या, टगची विंच ओढते त्याच चालीनं. पूर्ण रस्सा टगच्या डेकवर गेला आणि तिथल्या खलाशानं हात वर केला, की मगच ब्रिजला सांगा, "टग सुटला." इंजिन त्याच्यानंतर.